सभा, सुरत आणि मराठी वक्ता

मराठी वक्तृत्वाचा इतिहास सांगावयाचा झाला, की बहुतेक लेखक पुण्यापासून आरंभ करतात. न्यायमूर्ती रानडे, वसंत व्याख्यानमाला, टिळक, गोखले, शिवराम महादेव परांजपे हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे, की त्याआधी काही घडले असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. परंतु पुण्यात ती व्याख्यानमाला सुरू होण्यापूर्वी एकतीस वर्षे एका मराठी शिक्षकाने सार्वजनिक सभेचा धडा तापीकाठी गिरवला होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्यांचे नाव. मराठी वाचक त्यांना व्याकरणकार म्हणून ओळखतो. १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याकरणामुळे त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ ही पदवी मिळाली. त्या पदवीच्या छायेत त्यांच्या आयुष्याचा सुरतेतील भाग मात्र झाकून गेला.

दादोबा सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहतांशी पडली. दुर्गाराम हे सुरतेचेच नागर ब्राह्मण, गुजराती शाळेचे मेहताजी. स्वभावाने निर्भीड, आणि बोलू लागले म्हणजे समोरच्याची भीडमुर्वत न ठेवणारे. १८४४ च्या जूनमध्ये या दोघांनी आणखी काही स्नेह्यांसह ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास या पाचही जणांची नावे ‘द’ या अक्षराने सुरू होत असल्यामुळे लोक त्यांना गमतीने ‘पाच दद्दे’ म्हणू लागले. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, माणसाची योग्यता जन्मावरून नव्हे तर गुणांवरून ठरते, अशी सभेची मते होती. आज ही वाक्ये शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आढळतात. १८४४ साली सुरतेच्या भरवस्तीत ती मोठ्याने उच्चारणे ही वेगळी गोष्ट होती.

या सभेचे महत्त्व तिच्या मतांइतकेच तिच्या रीतीत आहे. सभा उघडी होती. तेथे कोणीही यावे, ऐकावे आणि उलट बोलावे. भूत उतरविणारे भुवे, मंत्रतंत्र करणारे, जादूटोण्यावर उपजीविका करणारे यांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले, की तुमची विद्या खरी असेल तर सभेत येऊन दाखवा. तोपर्यंत आपल्याकडे हजार माणसांना उद्देशून बोलणारा माणूस म्हणजे कीर्तनकार किंवा पुराणिक. त्याला कोणी मध्येच उठून प्रश्न विचारीत नसे. पूर्वरंग झाला, उत्तररंग झाला, आरती झाली, श्रोते घरी गेले. शास्त्रीपंडितांचे वाद होत, पण ते पंडितांपुरते आणि संस्कृतात. सामान्य माणसाच्या भाषेत, सामान्य माणसासमोर, त्याला उत्तर देण्याची मुभा ठेवून बोलणे ही गोष्ट नवी होती. त्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेल्यामुळे सुरतेत मोठी खळबळ उडाली आणि सरकारला काही माघार घ्यावी लागली. म्हणजे १८४४ सालची सुरत मुकी नव्हती; लोक जमावाने आपले म्हणणे मांडावयास शिकत होते.

या सभेची हकिकत आज उपलब्ध आहे, ती मुख्यतः महीपतराम रूपराम यांनी लिहिलेल्या दुर्गारामांच्या गुजराती चरित्रामुळे. दुर्गाराम सभेच्या कामकाजाची टिपणे ठेवीत असत, आणि महीपतरामांनी त्यांचा उपयोग केला. बोललेला शब्द हवेत विरतो. तो कोणी तरी टिपून ठेवला म्हणून इतिहासात राहतो. याच चरित्रनायकाच्या आयुष्यात वक्त्यांनी विसरू नये अशी एक गोष्ट आहे. विधवाविवाहाचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या दुर्गारामांनी पत्नीच्या निधनानंतर स्वतः मात्र ज्ञातीतील कुमारिकेशी विवाह केला. त्या काळच्या गुजरातने त्यांना ही गोष्ट पुष्कळ दिवस ऐकवली.

दादोबा १८४६ साली मुंबईस परतले. दुर्गारामांची बदली राजकोटला झाल्यावर, १८५२ च्या सुमारास, मानवधर्म सभेचे काम थंडावले. पुढे काय झाले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. ज्या दादोबांनी सुरतेत उघड्या सभेत मते मांडली, त्यांच्याच प्रेरणेने १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली, आणि ती गुप्त होती! तत्त्वे जवळजवळ तीच, माणसे अधिक शिकलेली, शहर अधिक मोठे. परंतु सभा दाराला कडी लावून भरत असे. सभासदांना जातिबंधने मानीत नसल्याचे सभेत आचरून दाखवावे लागे आणि बाहेर मौन पाळावे लागे. १८६० च्या सुमारास सभेचे कागदपत्र चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर फुटण्याची वेळ आली, आणि सभा मोडली. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन केला, तेव्हा तो उघड स्थापन केला. परमहंस सभेची भीती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही, कारण बहिष्कार म्हणजे काय हे ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या त्यांनाच ठाऊक. तरीही मराठी माणसाच्या सार्वजनिक बोलण्याच्या इतिहासात सुरतेचा उघडा दरवाजा आणि मुंबईची कडी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

सुरतेचे दुसरे देणे गुजराती आहे, पण ते मुंबईत प्रकट झाले. कवी नर्मद जन्माने सुरतेचे. १८५०-५१ च्या सुमारास, वयाच्या सतरा-अठराव्या वर्षी, त्यांनी मुंबईत मित्रमंडळींसमोर ‘मंडळी मळवाथी थता लाभ’ हे भाषण केले. गुजराती गद्य निबंधाचा आरंभ या भाषणापासून मानतात. एका भाषेचे निबंधवाङ्मय व्यासपीठावर जन्मास यावे, आणि त्याचा विषय ‘मंडळी स्थापन करण्याचे फायदे’ हा असावा, यातून त्या पिढीची भूक कळते. पुढे १८६० साली याच नर्मदांनी विधवाविवाहाच्या प्रश्नावर जदुनाथजी महाराजांशी जाहीर वाद घातला. मराठीत त्याच सुमारास, १८५७ साली, विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद करीत होते. वाळूत बसलेला श्रोता आणि उभ्याने बोलणारा वक्ता, असे ते व्यासपीठ होते.

पुण्याने या सगळ्याला शिस्त लावली. रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच वर्षी त्यांच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंदांची व्याख्याने पुण्यात झाली. वसंत व्याख्यानमाला चालविणाऱ्या संस्थेचे नाव ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’. हे नाव नीट वाचले पाहिजे. ‘उत्तेजन’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ नुसती शाबासकी असा नव्हता. ग्रंथाला उत्तेजन म्हणजे ग्रंथाला बक्षीस. त्याच न्यायाने वक्तृत्वाला उत्तेजन म्हणजे तरुणांनी तयारी करून यावे, जाणत्यांनी ऐकावे, गुणदोष सांगावेत आणि योग्य त्यास पारितोषिक द्यावे. वक्तृत्व ही दैवी देणगी आहे, या समजुतीवर हा मोठा घाला होता. शंभरांत एक शूर, हजारांत एक पंडित आणि दहा हजारांत एक वक्ता निपजतो, असा हिशेब एका जुन्या सुभाषिताने करून ठेवला आहे. रानड्यांच्या पिढीने तो हिशेब नाकारला, आणि वक्ता शिकवून तयार करता येतो असे गृहीत धरून कामास लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत ‘वक्तृत्व’ हा विषय स्वतंत्र निबंधासाठी घेतला, तोही याच दशकात. आणि ज्यांना संस्था नको होती त्यांनी आपली वेगळी वाट काढली. वासुदेव बळवंत फडके रस्त्यातून थाळी वाजवीत आपल्या व्याख्यानाची वर्दी स्वतःच देत.

या शाळेतून निघालेले वक्ते एकमेकांसारखे नव्हते, हे तिचे यश. गोखल्यांचे भाषण आकड्यांवर उभे असे. १९०२ साली अंदाजपत्रकावर त्यांनी केलेले भाषण विरोधकांनीही नावाजले. परांजप्यांच्या वक्रोक्तीला सभा डोलत असे. टिळकांच्या भाषणाला अलंकारांचा सोस नव्हता. मुद्दा, दाखला, पुन्हा मुद्दा, हीच त्यांची रीत. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे सभेला हसवता हसवता मुद्द्यावर आणीत.

यांतील काही वक्ते १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस एकत्र आले, आणि त्यांच्यापैकी महत्त्वाच्या एकालाही आपले भाषण नीट करता आले नाही.

राष्ट्रसभेचे ते अधिवेशन आधी नागपूरला भरावयाचे होते. तेथे टिळकपक्षाचा जोर दिसताच फेरोजशहा मेहतांच्या मंडळीने ते सुरतेस हलविले. तापीकाठच्या फ्रेंच बागेत मंडप उभा राहिला. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी, नियोजित अध्यक्ष डॉ. रासबिहारी घोष. सोळाशेच्या घरात प्रतिनिधी जमले होते. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस होते. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य हे कलकत्त्याचे चार ठराव सुरतेस सौम्य केले जाणार, असा नव्या पक्षाला संशय होता. २६ डिसेंबरला अध्यक्षांच्या निवडीची सूचना अंबालाल साकरलाल देसाईंनी मांडली, आणि तिला अनुमोदन देण्यास सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले. हिंदुस्थानात त्या काळी त्यांच्या तोडीचा इंग्रजी वक्ता नव्हता. मोठमोठ्या सभा त्यांनी आवाजाने बांधून ठेवल्या होत्या. सुरतेस त्यांचे शब्द गोंगाटात बुडाले. ते टेबलावर चढून बोलू लागले, तरी उपयोग झाला नाही, आणि त्या दिवसाची बैठक उठवावी लागली.

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू होण्यापूर्वी टिळकांनी माळवींकडे पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी पाठविली. अध्यक्षांच्या निवडीला अनुमोदन झाल्यावर आपणांस प्रतिनिधींपुढे बोलावयाचे आहे, तहकुबीची सूचना आणि तीबरोबर एक विधायक योजना मांडावयाची आहे, असा तिचा आशय. चिठ्ठीला उत्तर आले नाही. सुरेंद्रनाथांचे भाषण त्या दिवशी पार पडले, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, निवड झाल्याचे जाहीर झाले आणि डॉ. घोष अध्यक्षीय भाषणास उभे राहिले. तेव्हा टिळक व्यासपीठावर चढले. माळवींनी त्यांना नियमबाह्य ठरविले. टिळक हाताची घडी घालून प्रतिनिधींकडे तोंड करून उभे राहिले आणि आपला हक्क सांगू लागले. त्यांना खाली ओढण्यासाठी माणसे धावली, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी हात पसरून मध्ये उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले. हा प्रसंग सांगताना पुष्कळ मराठी लेखक पादत्राणाचेच वर्णन रंगवून करतात आणि गोखल्यांचे पसरलेले हात विसरतात. आयुष्यभर ज्याच्याशी मतभेद, त्याच्या अंगाला कोणी हात लावू नये म्हणून उभा राहिलेला हा माणूस पुण्याच्या त्याच सभाशिस्तीत वाढला होता.

पादत्राणाची गोष्ट थोडक्यात अशी. गर्दीतून एक वहाण भिरभिरत आली, सुरेंद्रनाथांच्या गालाला लागली आणि तेथून फेरोजशहांवर आदळली. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज वार्ताहर तेथे हजर होता. तांबड्या चामड्याची, टोकदार, तळाला शिसे ठोकलेली मराठी वहाण, असे तिचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. ती कोणी आणि कोणाला मारली यावर दोन्ही पक्षांनी पुष्कळ शाई खर्च केली. पोलिसांनी मंडप रिकामा केला. २८ तारखेला नेमस्तांनी आपली वेगळी परिषद भरविली, आणि राष्ट्रसभा दुभंगली ती १९१६ च्या लखनौपर्यंत. तोवर गोखले आणि मेहता दोघेही दिवंगत झाले होते.

यात आणखी एक गोष्ट आहे. डॉ. घोष जे भाषण सुरतेस करू शकले नाहीत, ते कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत आधीच छापले गेले होते. त्यातील नव्या पक्षावर टीका करणारा भाग तारेने सुरतेस येऊन पोहोचला, आणि भाषण होण्याआधीच त्याने लोकांची मने तापविली. छपाई आणि तारयंत्र आल्यापासून वक्त्याच्या समोरचा श्रोता हा त्याचा एकमेव श्रोता राहिला नाही. त्याचा पहिला मोठा फटका या देशात सुरतेच्या मंडपाला बसला.

सुरतेस टिळकांना पाच मिनिटे मिळाली नाहीत. त्यानंतर सात महिन्यांनी, १९०८ च्या जुलैमध्ये, मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्युरीपुढे ते आपला बचाव स्वतः करीत होते. ते भाषण काही दिवस चालले, आणि त्याचा एकूण वेळ एकवीस तास दहा मिनिटे भरला. नऊ ज्युरर, त्यांतले सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. परांजप्यांनाही त्याच वर्षी राजद्रोहाखाली तुरुंगात जावे लागले.

विसाव्या शतकात व्याख्यानमाला गावोगाव पोहोचल्या. गणेशोत्सवाने त्यांना श्रोते दिले, आणि ग्रंथालयांनी त्यांना जागा व सातत्य दिले. मराठी ग्रंथालय आणि व्याख्यानमाला यांचे नाते बहिणीबहिणींचे आहे. सुरतेत तर ग्रंथालयाची परंपरा जुनी. येथील अँड्र्यूज लायब्ररी १८५० सालची. फलटणचे प्राचार्य शिवाजीराव भोसले, वणीचे राम शेवाळकर यांच्यासारख्या वक्त्यांना ऐकण्यासाठी लोक दुरून येत. प्राचार्य भोसल्यांचे भाषण संपल्यावर सभागृहात क्षणभर शांतता राही आणि मग टाळ्या पडत, असे त्यांचे श्रोते सांगतात. आज ज्याला ‘प्रेरणादायी भाषण’ म्हणतात, ते मराठीत या मंडळींनी त्या नावाचा गाजावाजा न करता केले.

स्पर्धेचे वळण मात्र निराळे पडले. शाळा-महाविद्यालयांत फिरता करंडक आला, सात मिनिटांची मर्यादा आली, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा आली. उत्स्फूर्त भाषणासाठी चिठ्ठी उचलण्याची पद्धत आली. या स्पर्धांनी हजारो मुलांची सभाभीती घालवली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्याबरोबर एक साचाही तयार झाला. ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणून लाकडाच्या फळ्यांना वंदन करावयाचे, पहिल्या मिनिटात सुभाषित, तिसऱ्या मिनिटात आवाज चढवावयाचा, शेवटी मूठ आवळावयाची. पाठांतर पक्के; मात्र समोर कोण बसले आहे याची दखल नाही.

अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील एका तळघरात वक्तृत्वाचा अभ्यासवर्ग सुरू केला, त्यातून ‘टोस्टमास्टर्स’ ही जगभर पसरलेली मंडळी निघाली. तिच्या स्पर्धेत भाषण पाच ते सात मिनिटांचे असते. हिरवा, पिवळा, तांबडा असे दिवे वेळ दाखवतात. साडेचार मिनिटांहून कमी किंवा साडेसात मिनिटांहून अधिक बोलणारा बाद होतो. साध्या सभेत वक्ता किती वेळा ‘अं’ म्हणाला हे मोजणारा माणूससुद्धा नेमलेला असतो! हे वाचून जुन्या मंडळींना हसू येईल. परंतु ऐकणाऱ्यालाही काम नेमून देण्याची ही कल्पना चांगली आहे. आपल्या स्पर्धांत श्रोत्याला टाळ्यांपलीकडे काम नसते.

सुरतेतील मराठी समाज आज मोठा आहे. तापीखोऱ्याच्या रेल्वेने सुरत खानदेशाला जोडली. कापडाच्या धंद्याने माणसे आणली, आणि लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत अहिराणीचा सूर रोज कानी पडतो. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी यांबरोबर मराठी माध्यमातूनही चालतात. अशा शाळेतील मूल वक्तृत्व स्पर्धेसाठी उभे राहते, तेव्हा विषय बहुधा एकच असतो. पुण्या-साताऱ्याचे मूल शिवाजी महाराजांवर बोलते तेव्हा त्याच्यासमोर केवळ आपले लोक असतात. सुरतेच्या मुलासमोर सुरत असते. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० या दोन स्वाऱ्यांची आठवण या शहराने आपल्या परीने जपली आहे, आणि ती आठवण पाठ्यपुस्तकातील एका ओळीइतकी सोपी नाही. ‘लूट’ म्हणावे की ‘स्वारी’ यावर वाद घालून प्रश्न सुटत नाही. शाहिस्तेखानाने पुण्यात तीन वर्षे तळ दिला त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करणे, हा महाराजांच्या बाजूचा हिशेब आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पण घर जळालेल्या व्यापाऱ्याचे वंशजही सभागृहात बसलेले असू शकतात.

फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे, की पहिल्या स्वारीत महाराजांनी कॅपुचिन पाद्री अँब्रोज यांच्या मठाला धक्का लावला नाही, आणि डच कंपनीचा एक दिवंगत हिंदू दलाल हयातीत दानशूर होता असे कळल्यावरून त्याचे घरही वाचले. आग लागलेल्या शहरात एका मृत माणसाच्या चांगुलपणाची चौकशी होते, हा प्रसंग सुरतेतील मराठी वक्त्याच्या हाती आयता आहे. तो स्पर्धांतून फारसा ऐकू येत नाही. बर्निएचा प्रवासवृत्तान्त मात्र जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत मिळतो.